मालनने दिलेली बाटली

मालनला सुईची भीती वाटते हे सूतिकागृहात कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं तिने ते मोठ्या शिताफीने लपवून ठेवलं होतं. देवीची लस टोचायला माणसं आली की तिला नेमक्या त्याच वेळी गच्चीवर चादरी वाळत घालायच्या असत. डॉक्टरबाई कुणाला इंजेक्शन देऊ लागल्या की ती पेशंटचा दंड घट्ट धरी, पण तोंड भिंतीकडे करी. रक्ताचं मात्र तिला काहीच वाटत नसे. बाळंतिणींचे कपडे धुऊन धुऊन तिचे हात सरावले होते. दुसऱ्याचं रक्त आणि आपलं रक्त यांत तिच्या लेखी जमीनअस्मानाचा फरक होता.

या भीतीला कारणही होतं. लहानपणी, मालवणाकडे गावी, तिच्या बापाचा पाय सुजला तेव्हा वैदूने जळवा लावल्या होत्या. जळवा टम्म फुगून खाली पडल्या आणि दोन दिवसांनी बाप गेला. पायातलं विष अंगभर पसरलं म्हणून गेला, असं गावचा शाळामास्तर सांगत होता. पण आई म्हणाली, रक्त गेलं म्हणून माणूस गेला. मालनने आईचं ऐकलं. तेव्हापासून अंगातलं रक्त म्हणजे मोजून दिलेली पुंजी, ती सांडली की संपली, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

डॉक्टर जयंती समर्थ यांचं हे सूतिकागृह मुलुंडला, बाजार संपून बंगले सुरू होतात तिथे होतं. खाटा आठ, नर्स एक, आया दोन. त्यातली एक आया संक्रांतीसाठी आधीच गावी गेलेली. चोपन्न सालची गोष्ट. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि सकाळी हवेत चांगला गारवा होता. दहाच्या सुमाराला शुभा नावाची पहिलटकरीण बाळंत झाली. मुलगी झाली, टणटणीत, जन्मल्या जन्मल्या सगळं घर डोक्यावर घेणारी. बाहेर बाकावर बसलेल्या शुभाच्या सासूबाईंनी हात जोडले. शुभाचा नवरा मधुकर, सचिवालयातला कारकून, पेढे आणायला निघालासुद्धा.

तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, तोच नर्स कुंदा धावत बाहेर आली आणि त्याला हाक मारून परत बोलावलं.

रक्त थांबत नव्हतं. वार पडली होती, इंजेक्शनं झाली होती, सलाइन लावलं होतं, बाई स्वतः दोन्ही हातांनी पोट दाबून धरून उभ्या होत्या, तरी खालची चादर भिजत चालली होती. मालनने एक चादर काढली, दुसरी घातली, तीही भिजली. शुभाचे ओठ कागदासारखे पांढरे पडले. ती मधूनच डोळे उघडून विचारी, मुलगी कुठे आहे, आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा मिटून घेई.

बाईंनी लढाईच्या काळात पुण्याच्या लष्करी इस्पितळात काम केलं होतं. जखमी शिपायांना रक्त चढवताना त्यांनी पाहिलं होतं, चढवलंही होतं. मुलुंडमध्ये तेव्हा ही गोष्ट कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, पण बाईंच्या बर्फाच्या कपाटात रक्ताचा गट तपासायच्या दोन छोट्या कुप्या आणि दोन रिकाम्या बाटल्या, आत रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या, नेहमी तयार असत. त्यांनी शुभाच्या बोटातलं रक्त तपासलं. गट निघाला बी. मधुकरचं तपासलं, तो निघाला ए. त्याचं रक्त चालणार नव्हतं. ते ऐकून तो लहान मुलासारखा रडायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला एकच गोष्ट ऐकवली: रडायला वेळ नाही. शुभाच्या रक्ताची काचनळी त्याच्या हातात दिली, चिठ्ठी दिली, आणि नाक्यावरच्या टॅक्सीतून त्याला परळच्या मोठ्या इस्पितळातल्या ब्लड बँकेकडे पिटाळलं.

"जाऊन यायला तीन तास तरी लागतील," बाई मालनला म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "तीन तास ही तग धरणार नाही. तू बाहेर पड. जो धडधाकट माणूस दिसेल त्याला घेऊन ये. काय वाटेल ते सांग, पण आण."

मालन पायात चपला न घालताच पळाली.

पुढचा अर्धा तास ती कशी आणि किती धावली हे तिला नंतर नीट आठवेना. आधी ती शेजारच्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात शिरली. कामगार भोंग्याची वाट बघत हात धूत होते. रक्त हवंय म्हटल्यावर आधी सगळे तिच्या साडीकडे बघायला लागले, कारण तिच्या निऱ्यांवर डाग होते. मग एकेकाची कारणं निघाली. एक म्हणाला, माझं रक्त आधीच पातळ आहे. दुसऱ्याने सांगितलं, रक्त दिलं की माणसाला पुन्हा पोरं होत नाहीत, आमच्या आळीतल्या एकाचं तसंच झालं. तिसऱ्याला वाटत होतं की एकदा रक्त दिलं की इस्पितळवाले दर महिन्याला घरी येतात. एक म्हातारा फिटर मात्र शर्टाची बाही वर करून पुढे आला. त्याला दम्याची धाप लागलेली होती. मालननेच त्याला हात जोडून मागे बसवलं. दोघं तरुण कबूल झाले, गेटपर्यंत आले आणि तिथे एकमेकांकडे बघून परत फिरले.

मालन चिडली, पण मनातल्या मनात ओशाळलीसुद्धा. ते जे जे सांगत होते ते सगळं तिला स्वतःला खरं वाटत होतं. आपण ज्याला भितो तेच आपण दुसऱ्याकडे मागत फिरतोय, हे तिला पळता पळता टोचत होतं.

मग तिला तालीम आठवली. गणपतीच्या देवळामागे पत्र्याच्या शेडमध्ये तालीम होती आणि तिथला सहदेव म्हणजे सगळ्या मुलुंडचा लाडका पैलवान. छाती दरवाज्यासारखी, मान बैलासारखी. नुकताच आंघोळ करून तो दूध पीत बसला होता. मालनने सगळं एका दमात सांगितलं. एक बाळंतीण मरते आहे म्हटल्यावर त्याने पेला खाली ठेवला, सदरा अंगात घातला आणि बरोबर आणखी दोन गडी घेऊन तो निघाला. वाटेत मालनला मागे टाकून तोच पुढे पळत होता.

तिघांची बोटं टोचली गेली. एका पांढऱ्या फरशीवर प्रत्येकाच्या रक्ताचे दोन दोन थेंब, त्यात कुप्यांतलं औषध, आणि कुंदा काडीने ते ढवळत होती. मालन पाहत उभी होती. पहिल्या दोघांचं जमलं नाही. सहदेवच्या उजवीकडच्या थेंबात मात्र बारीक बारीक कण तयार झाले, जसे नासलेल्या दुधात होतात, आणि डावीकडचा जसाच्या तसा राहिला. कुंदाने मान वर केली. बी गट. तिचा चेहरा असा उजळला की मालनने नकळत सहदेवच्या पाठीवर थाप मारली.

सहदेव टेबलावर आडवा झाला. कुंदाने त्याच्या दंडाला रबरी नळी बांधली आणि जाड सुई काढली. ती सुई इंजेक्शनच्या सुईसारखी नव्हती, गोणी शिवायच्या दाभणाची बहीण वाटावी अशी होती. सहदेवने ती पाहिली, मग रिकामी बाटली पाहिली. एवढी भरणार का, असं त्याने विचारलं. कुंदा हो म्हणाली. तो उठून बसला. जरा बाहेर जाऊन येतो म्हणाला, आणि गेला. दोन मिनिटं झाली, चार झाली, तो आला नाही. त्याच्या जोडीदारांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

आत बाईंना हे सांगितलं गेलं. एका हाताने पोट दाबून धरत त्यांनी दुसरा हात कुंदापुढे केला.

"माझाही गट बी आहे. माझं घे."

कुंदा जागची हलेना. बाई आडव्या झाल्या तर दाबून कोण धरणार, आणि पुन्हा उघडून बघायची वेळ आली तर हात कुणाचे चालणार, हे तिला कळत होतं, तसं मालनलाही कळत होतं. शुभाची नाडी आता बोटाला सहज लागत नव्हती, मनगट चाचपावं लागत होतं. पाळण्यात मुलगी रडत होती. मग मालनने आपला हात पुढे केला तो इतका अचानक, की कुंदाच्या हातातला ट्रे हलला.

"बाईनू, माजा रगात बघा."

गडबडीत तिच्या तोंडून गावची बोली आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि कुंदाला मानेने खूण केली.

बोट टोचताना मालनने भिंतीकडे तोंड केलं नाही. यावेळी बघायचंच, असं तिने ठरवलं होतं. फरशीवर दोन थेंब पडले. कुंदाने ढवळलं. डावीकडचा थेंब लालच राहिला. उजवीकडचाही लालच राहिला. कण नाही, गुठळी नाही, काही नाही. मालन वाट बघत राहिली. एवढी छाती करून हात पुढे केला आणि आपल्या रक्ताला काही होतच नाही, ते कुठल्याच कामाचं नाही, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"काय नाय ना झाला?" तिने विचारलं.

कुंदा हसायलाच लागली. हसता हसता तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "अगं, हा ओ गट. दोन्हीत काही होत नाही तेच पाहिजे. हे कुणालाही चालतं, मालन. कुणालाही."

शुभाच्या रक्ताशी मिसळून एकदा खात्री करून घेतली आणि मग काही विचार करायला वेळच उरला नाही. मालन टेबलावर आडवी झाली. सुई आत शिरली तेव्हा ती ओरडली नाही, पण तिने टेबलाची कड अशी धरली की नखं दुखायला लागली. मग दुखणं कमी झालं. नळीतून काळसर लाल धार खाली उतरताना तिने पाहिली. ती नळी तिच्या हाताला चिकटली होती आणि गरम होती. आपल्या अंगातून निघालेली ती ऊब दंडावर जाणवताच तिला विलक्षण वाटलं. भीती गेली असं नव्हे. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत धडधडत होतं. लहानपणी खाडीवरच्या साकवावरून पहिल्यांदा एकटी पलीकडे गेली होती, तेव्हाच्यासारखं.

दारात शुभाच्या सासूबाई येऊन उभ्या होत्या. आपलं रक्त घ्या म्हणून त्यांनी आधीच दोनदा सांगून पाहिलं होतं, पण त्यांचं वय आणि चेहरा बघून बाईंनी नकार दिला होता. त्या बाटलीकडे आणि मग मालनकडे बघत होत्या.

"तुझी जात कुठली गं?" त्यांनी विचारलं.

मालन तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "राहू दे. सांगू नकोस," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन तिच्या उशाशी स्टुलावर बसल्या. आपली धाकटी बहीण अशीच पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हा घरात सोळा माणसं होती आणि सोळाच्या सोळा नुसती रडत होती, असं त्या स्वतःलाच सांगावं तसं हळू सांगत राहिल्या. बाटली भरेपर्यंत त्यांचा हात मालनच्या कपाळावर होता.

बाटली उलटी टांगली गेली. थेंब थेंब रक्त शुभाच्या हातात उतरू लागलं. मालनला उठायची मनाई होती, तरी ती कोपरावर रेलून बघत होती. पाव बाटली गेली. अर्धी गेली. कुंदा नाडीवर बोट ठेवून घड्याळाकडे बघत होती आणि मालन कुंदाच्या चेहऱ्याकडे. शेवटी कुंदा म्हणाली, लागतेय. जोरात नाही, पण लागतेय. बाईंनी पहिल्यांदाच पाठ ताठ केली. रक्तस्राव कमी झाला होता. पण एक बाटली पुरणार नव्हती. आणखी एक मिळाली तर बाईंना हात धुऊन नीट आत बघता आलं असतं.

सासूबाईंनी मालनला गरम कॉफी दिली, बशीत ओतून, फुंकर घालून. कॉफी पिऊन मालनला हुशारी आली. आता तर काहीच होत नाही असं तिला वाटत होतं. कुंदाची नजर चुकवून भिंत धरत धरत ती मागच्या व्हरांड्यात आली, कारखान्यातल्या त्या म्हाताऱ्या फिटरला तरी निरोप धाडावा म्हणून.

व्हरांड्याच्या पायरीवर सहदेव बसला होता. तो गेलाच नव्हता. गुडघ्यांत डोकं घालून तो तिथेच बसून होता. मालनची चाहूल लागताच त्याने वर पाहिलं आणि तिच्या दंडाची पट्टी त्याला दिसली.

तो काय बोलणार याची वाट न बघता मालन त्याच्या शेजारी पायरीवर बसली. एवढा धिप्पाड माणूस तोंड चुकवत होता. मग त्याने सांगितलं. संक्रांतीला ठाण्यात कुस्ती होती, तीन वर्षं त्याने तिची वाट पाहिली होती. वस्ताद सांगायचा की एक थेंब रक्त बनायला चाळीस दिवसांचं दूधतूप लागतं. बाटली पाहिल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे तीन वर्षांचं दूध वाहून गेलं. ते एक कारण. दुसरं कारण सांगताना त्याची मान आणखी खाली गेली. ती सुई.

मालनने त्याला खोटं काही सांगितलं नाही. दुखतं, म्हणाली. शिरताना चांगलंच दुखतं. मग दुखत नाही. डोकं थोडं हलकं होतं. आणि आपलं रक्त नळीतून जाताना गरम लागतं. चाळीस दिवसांचं काय ते तिला माहीत नव्हतं, ते बाईंना विचार, असं म्हणाली. पण ती अजून उभी होती आणि आत ती बाळंतीण अजून श्वास घेत होती.

"चल," ती म्हणाली. "मी धरते हात. तू भिंतीकडं बघ. ती जागा माझ्या ओळखीची आहे."

सहदेव उठला. यावेळी तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, मालन त्याचा पंजा दोन्ही हातांत धरून बसली आणि कुंदाने सुई घातली. पंजा असा आवळला गेला की मालनच्या बांगडीचा चुरा झाला. तिला हसू फुटलं. ती हसते आहे हे पाहून तोही, डोळे मिटलेले असतानाच, हसला. दुसरी बाटली भरली.

एक वाजून गेल्यावर मधुकरची टॅक्सी फाटकात थांबली. बर्फाने भरलेल्या डब्यात दोन बाटल्या घेऊन तो पायऱ्या चढत होता आणि दारातल्या कुणालाही काही विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी सासूबाईंनीच त्याच्या हातातला डबा घेतला आणि सांगितलं की शुभाने पाणी मागितलं. मग तो जिथे होता तिथेच पायरीवर बसला. बाईंनी दुपारी गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा काढला आणि त्यानंतर चादर कोरडी राहिली.

मालन संध्याकाळी घरी गेली ती जवळजवळ उडतच. चाळीत शिरल्यापासून तिने प्रत्येक दारात थांबून सगळं सांगितलं. बाटली केवढी होती ते हाताने दाखवलं, ओ गट म्हणजे काय ते जेवढं कळलं होतं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच सांगितलं. तिचा नवरा धोंडू आधी गिरणीत होता, आता भांडुपला एका वर्कशॉपमध्ये लागला होता. तो कामावरून आला तेव्हा बातमी त्याच्याआधीच घरी पोचली होती. तो रागावला नाही, घाबरला.

"तू रगात दिलंस? माका सांगूक पण नाय?"

सांगायला वेळ कुठे होता, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून तो तिच्यावर पाळत ठेवायला लागला. सकाळी उठली की आधी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायचा. पाण्याची कळशी तिच्या हातातून काढून घ्यायचा. कधी नव्हे ते स्वतः बाजारात जाऊन बांगडे घेऊन आला आणि सगळ्यांत मोठा तिच्या पानात वाढला. चौथ्या दिवशी, सकाळी नळावर भांडण झालं, तेव्हा मालनने दोन भरलेल्या बादल्या घेऊन दोन जिने चढत, वर पोचेपर्यंत एकदाही आवाज खाली न आणता, शेजारणीला उत्तर दिलं. ते ऐकून धोंडूची खात्री पटली आणि त्याने पापण्या बघणं सोडलं.

बाईंनी मनाई केल्यामुळे सहदेव संक्रांतीला ठाण्याच्या आखाड्यात उतरला नाही, काठावर बसून बघत राहिला. बाईंनी त्याला बजावून सांगितलं होतं की महिन्याभरात सगळं भरून येतं, चाळीस दिवसांचं काही खरं नाही. फाल्गुनात मुलुंडच्याच जत्रेत तो खेळला. पहिली कुस्ती मारली, दुसरीत चीत झाला, आणि हरलो ते रक्तामुळे नव्हे, पाय घसरला म्हणून, हे ज्याला त्याला सांगत फिरला. त्याच्याच तोंडून ही गोष्ट मुलुंडभर झाली होती. तालमीतल्या पोरांना आपला गट कुठला हे कळून घ्यायची घाई झाली. मग कारखान्यातल्यांना झाली, आणि एकेक जण बाईंकडे येऊन बोट टोचून घेऊ लागला. कोण ए, कोण बी, यावरून पानाच्या ठेल्यावर वाद व्हायला लागले. ज्याचा गट एबी निघाला त्याने दोन गट मिळाले म्हणून पेढे वाटले.

शेवटी बाईंनी एक रविवार ठरवला. ज्यांना बोट टोचून घ्यायचं त्यांनी यावं, आणि त्यांतल्या ज्यांना पुढे कधी हाक मारली तर यायची तयारी असेल त्यांनी पत्ता लिहून द्यावा. सूतिकागृहाच्या खोलीएवढ्या अंगणात माणसं मावेनात. शुभा, अजून फिकट पण पायांवर उभी, मुलीला घेऊन व्हरांड्यात बसली होती आणि येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघून घेत होता. मालनकडे माणसांना ओळीत उभं करायचं काम होतं. ते तिला फार आवडलं होतं. दमदाटी करून, हाताला धरून, ती एकेकाला पुढे सरकवत होती.

असाच एकाचा दंड धरून तिने त्याला पुढे ओढलं आणि पाहते तो धोंडू. इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला तेल लावून, लग्नाला निघाल्यासारखा. तो तिला न सांगताच आला होता.

"दुखता काय?" त्याने हळूच विचारलं.

"दुखता," मालन म्हणाली. "थोडा."

त्याने मान हलवली, घसा साफ केला आणि बोट पुढे केलं.